घरच्या मत्स्यालयासाठी चिलर : निवड कशी करावी?

मार्च सरत आला की दिवाणखान्यातील काचेच्या टाकीत एक बदल दिसू लागतो. एरवी तळाशी किंवा वनस्पतींच्या आडोशाला फिरणारे मासे पाण्याच्या पृष्ठभागाशी गोळा होतात, तोंडाची उघडझाप करतात आणि खाद्याकडे पाठ फिरवतात. एप्रिल-मे महिन्यांत अनेक हौशी मत्स्यपालकांना सकाळी टाकीत एखाद-दुसरा मासा मरून तरंगताना आढळतो. दुकानदाराकडे विचारणा केली असता ‘चिलर बसवा’ असा सल्ला मिळतो. मात्र, कॉम्प्रेसरवर चालणाऱ्या लहानात लहान चिलरची किंमतही पुष्कळदा टाकी, दिवे, फिल्टर आणि मासे यांच्या एकत्रित खर्चाहून अधिक असते. त्यामुळे हे यंत्र घ्यावे की नाही आणि घ्यायचे ठरल्यास कोणते, याचा निर्णय हिशेब मांडूनच करावयास हवा. खोक्यावर छापलेल्या ‘इतक्या लिटरसाठी’ या आकड्यावरून तो हिशेब होत नाही. आपल्या खोलीत, वर्षातील सर्वांत कडक उन्हाच्या दिवशी, टाकीत किती उष्णता शिरते यावरच तो अवलंबून असतो.

पाणी तापले की काय होते?

पाणी जितके गरम, तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. २० अंश सेल्सिअसला एक लिटर गोड्या पाण्यात सुमारे ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू सामावतो. २५ अंशांना हे प्रमाण सुमारे ८.३ आणि ३० अंशांना सुमारे ७.५ मिलिग्रॅम इतके घटते. दुसऱ्या बाजूला मासा हा थंड रक्ताचा प्राणी असल्याने पाण्याचे तापमान वाढताच त्याच्या शरीरातील क्रिया वेगाने होऊ लागतात आणि त्याची प्राणवायूची गरज वाढते. पुरवठा घटतो आणि मागणी वाढते, अशा कात्रीत मासा सापडतो. त्यातच टाकीतील विष्ठा व उरलेले खाद्य लवकर कुजते आणि पाण्यातील अमोनियाचा विषारी अंशही तापमानाबरोबर वाढतो. उन्हाळ्यात मरणारे अनेक मासे थेट उष्णतेने मरत नाहीत. ते प्राणवायूअभावी गुदमरतात. ही बाब लक्षात घेतली तर पहिला आणि सर्वांत स्वस्त उपाय आपोआप समोर येतो. तो म्हणजे हवेचा पंप वाढवणे, पाण्याचा पृष्ठभाग हलता ठेवणे आणि खाद्य निम्म्यावर आणणे.

चिलरची गरज कोणाला?

गप्पी, मॉली, प्लॅटी, गुरामी, फायटर, एंजल, ऑस्कर हे नेहमीचे मासे उष्ण प्रदेशातील पाण्याचे आहेत. डिस्कस या महागड्या माशाला तर २८ ते ३० अंशांचे पाणीच मानवते. बाजारात येणारे बहुतेक गोड्या पाण्यातील मासे चेन्नईतील कोळत्तूर आणि कोलकात्याचा परिसर अशा उष्ण हवेच्या ठिकाणी वाढवलेले असतात. पाण्यात हवा पुरेशी खेळती असेल तर ३० अंशांच्या आसपासचे पाणी ते सहन करतात. अशा टाक्यांना चिलरची आवश्यकता नाही.

गोल्डफिश, निऑन टेट्रा आणि दाट वनस्पतींच्या टाक्या यांचा दुसरा गट आहे. गोल्डफिश मूळचा थंड पाण्याचा. त्याला १८ ते २४ अंश मानवतात, तथापि हवा भरपूर असल्यास तो त्याहून गरम पाण्यातही तग धरतो. या गटासाठी बहुतेक वेळा पंखा व इतर साधे उपाय पुरेसे ठरतात.

तिसरा गट मात्र चिलरशिवाय ठेवूच नये असा आहे. क्रिस्टल रेड जातीच्या कोळंबीला २० ते २४ अंश, तर ॲक्सोलॉटल या मेक्सिकोतील उभयचर प्राण्याला २० अंशांहून कमी तापमान लागते. समुद्री टाकीतील समुद्रफूल, प्रवाळ यांसारख्या जीवांना २४ ते २७ अंशांची मर्यादा आहे. समुद्राचे पाणी नेहमीपेक्षा थोडेच अधिक तापले तरी प्रवाळांचा रंग उडून ते पांढरे पडतात. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१० आणि २०१६ या वर्षी हेच घडले. येथे एक कायदेशीर बाबही ध्यानात ठेवावी. भारतातील खडक बांधणारे प्रवाळ वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. विक्रेत्याने जिवंत प्रवाळ पुढे केल्यास चिलरच्या आधी त्याच्या कागदपत्रांची चौकशी करावी.

आधी उष्णता रोखा

चिलरने काढून टाकावयाची प्रत्येक वॅट उष्णता विजेच्या बिलात दिसते. म्हणून प्रथम टाकीत शिरणारी उष्णताच कमी करणे शहाणपणाचे आहे. टाकी पश्चिमेच्या भिंतीला किंवा खिडकीला लागून असेल तर ती हलवावी. जुन्या ट्यूबलाइट व हॅलोजन दिव्यांऐवजी एलईडी दिवे लावावेत आणि ते दुपारऐवजी संध्याकाळी सुरू ठेवावेत. पाण्यात बुडालेला पंप जेवढी वीज घेतो, ती जवळजवळ सर्व शेवटी उष्णतेच्या रूपाने पाण्यातच उतरते. म्हणून गरजेपेक्षा मोठा पंप ठेवू नये. झाकण बंद असेल तर उघडून त्या जागी जाळी बसवावी. मागच्या व बाजूच्या काचांना बाहेरून थर्माकोलचे पत्रे लावल्यास भिंतीकडून येणारी उष्णताही घटते.

पाण्यात बर्फाच्या पिशव्या टाकण्याची पद्धत बरीच रूढ आहे. तिचा हिशेब पाहण्यासारखा आहे. एक किलो बर्फ वितळून त्याचे पाणी २८ अंशांपर्यंत येईतो सुमारे १०८ किलोकॅलरी उष्णता शोषली जाते. म्हणजे १०० लिटर पाण्याचे तापमान जेमतेम एक अंशाने उतरते. तासाभरात ते पुन्हा चढू लागते. या चढउताराचा माशांना स्थिर गरम पाण्यापेक्षा अधिक त्रास होतो. बर्फ हा अडीअडचणीचा उपाय आहे, रोजचा नव्हे.

पंखा : नागपुरात चालतो, मुंबईत अडतो

पाण्याच्या पृष्ठभागावर वारा घालणारा लहान पंखा हा सर्वांत स्वस्त शीतक होय. माठातील पाणी ज्या तत्त्वाने गार होते, तेच तत्त्व येथे काम करते. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. ही उष्णता १०० लिटर पाण्याचे तापमान पावणेसहा अंशांनी उतरवण्याइतकी आहे. पंखा त्यासाठी जेमतेम पाच ते दहा वॅट वीज घेतो.

परंतु हा लाभ सर्वत्र सारखा मिळत नाही. वाऱ्याने पाणी किती गार होऊ शकते, याला हवेतील दमटपणाची मर्यादा असते. तापमापकाच्या टोकाला ओले फडके गुंडाळून त्यावर वारा घातला असता जे तापमान दिसते, त्याखाली पंखा पाणी नेऊ शकत नाही. नागपुरात मे महिन्यात हवा ४३ अंशांवर आणि आर्द्रता १५ ते २० टक्के असताना ही मर्यादा सुमारे २३-२४ अंशांवर येते. मुंबईत हवा ३३ अंशांवर असली, तरी आर्द्रता ७० टक्के असल्याने ही मर्यादा २८ अंशांवर अडते. म्हणजे मुंबई, कोकण व गोव्यात पंखा कितीही वेळ चालवला तरी पाणी २८ अंशांखाली जाणार नाही. प्रत्यक्षात ते त्याहून एक-दोन अंश वरच थांबते. विदर्भात वाळ्याच्या ताट्यांचा कूलर गारवा देतो आणि मुंबईत तोच कूलर नुसता दमटपणा वाढवतो, त्यातलाच हा प्रकार.

त्यामुळे विदर्भ, मराठवाडा, खानदेश आणि पुणे-नाशिक या कोरड्या हवेच्या भागांत आधी पंखा लावून पाहावा. बऱ्याच टाक्यांचे काम तेवढ्यावर भागते. मात्र, पावसाळा जवळ येऊन हवा दमट होते, तेव्हा तेथेही पंख्याचा प्रभाव ओसरतो. उडून गेलेल्या पाण्याची भर रोज घालावी लागते. क्षार मागेच राहत असल्याने ही भर क्लोरिन निघून गेलेल्या, शक्यतो कमी क्षारांच्या पाण्याची असावी. समुद्री टाकीत भर घालताना मीठ मिसळू नये, अन्यथा पाण्याचा खारटपणा वाढत जातो.

चिलरचे दोन प्रकार

पंखा अपुरा पडल्यावरच चिलरचा विचार सुरू होतो. बाजारात त्याचे दोन प्रकार मिळतात. पहिला प्रकार अर्धवाहकांच्या पट्टीवर चालतो. दोन भिन्न धातूंच्या सांध्यातून वीजप्रवाह गेला असता एक बाजू थंड व दुसरी गरम होते, हे फ्रेंच शास्त्रज्ञ झां पेल्तिए यांनी १८३४ मध्ये दाखवून दिले. त्याच तत्त्वाचा हा उपयोग. त्यात कॉम्प्रेसर नसतो, आवाज कमी असतो आणि किंमतही बरीच कमी. मात्र, तो घेतलेल्या विजेच्या मानाने फार थोडी उष्णता काढतो आणि खोली तापली की त्याची ताकद झपाट्याने उतरते. वीस-तीस लिटरच्या छोट्या टाकीत दोन-तीन अंशांचा फरक पाडण्यापुरता तो योग्य आहे. शंभर लिटरच्या टाकीसाठी तो घेणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे होय.

दुसरा प्रकार घरातील फ्रिजप्रमाणे कॉम्प्रेसर व शीतक वायूवर चालतो. टाकीतील पाणी पंपाने यंत्रात जाते, थंड नळीवरून वाहते आणि परत येते. हैलिया, रेसन, बोयू या चिनी आणि टेको या इटालियन कंपनीची यंत्रे या प्रकारातील होत. मध्यम व मोठ्या टाक्यांसाठी हाच प्रकार उपयोगी आहे.

किती क्षमतेचा घ्यावा?

चिलरवर एक-दशांश, एक-चतुर्थांश अशी अश्वशक्ती लिहिलेली असते. हा आकडा कॉम्प्रेसरच्या आकाराचा आहे. यंत्र किती उष्णता काढते ते त्यावरून कळत नाही. पाहावयाचा आकडा शीतन क्षमतेचा. तो वॅटमध्ये किंवा तासाला किलोकॅलरीमध्ये दिलेला असतो. एक किलोकॅलरी प्रतितास म्हणजे १.१६ वॅट.

आपल्या टाकीची गरज मोजण्यासाठी केवळ तापमापक आणि घड्याळ पुरते. कडक उन्हाच्या दिवशी सकाळी ११ वाजता आणि दुपारी ४ वाजता पाण्याचे तापमान नोंदवावे. दर तासाला होणारी वाढ, टाकीतील पाण्याचे लिटर आणि १.१६ यांचा गुणाकार केला की टाकीत शिरणारी उष्णता वॅटमध्ये मिळते. समजा, तीन फुटी टाकीत प्रत्यक्ष १६० लिटर पाणी आहे आणि ते पाच तासांत २८ वरून ३२ अंशांवर गेले. तासाला ०.८ अंश वाढ झाली. गुणाकार सुमारे १५० वॅट येतो.

येथे थांबू नये. ही मोजणी पाणी गरम असतानाची आहे. चिलर लावून पाणी २६ अंशांवर धरले की खोली आणि पाणी यांच्या तापमानातील अंतर वाढते आणि त्या प्रमाणात अधिक उष्णता आत शिरते. त्यामुळे आलेला आकडा दुप्पट करावा; वरील टाकीसाठी सुमारे ३०० वॅट शीतन क्षमतेचे यंत्र पाहावे. क्षमता कमी पडल्यास कॉम्प्रेसर अहोरात्र चालतो, बिल वाढते, यंत्र लवकर झिजते आणि पाणी तरीही गार होत नाही. स्वस्त म्हणून घेतलेला लहान चिलर महाग पडतो, तो असा. उलट, फारच मोठे यंत्र घेतल्यास ते वारंवार सुरू-बंद होते. तेही कॉम्प्रेसरला मानवत नाही.

शीतन क्षमतेचा आकडा कोणत्या तापमानाच्या खोलीसाठी दिला आहे, हेही पत्रकात पाहावे. खोलीतील हवा जितकी गरम, तितकी यंत्राची क्षमता घटते. खोली ४० अंशांना पोहोचत असेल, तर २५ किंवा ३० अंशांच्या खोलीत मोजलेल्या क्षमतेवर विसंबून राहता येणार नाही.

विजेचा हिशेब

समजा, निवडलेला चिलर चालू असताना २०० वॅट वीज घेतो आणि दिवसाकाठी बारा तास चालतो. रोजचे २.४ युनिट, महिन्याचे ७२ युनिट होतात. युनिटला १० रुपये धरले तर दरमहा ७२० रुपये. येथे केवळ सरासरी दर पाहून चालत नाही. महावितरणचे घरगुती दर १०० आणि ३०० युनिटच्या टप्प्यांवर वाढतात. घरचा वापर आधीच टप्प्याच्या काठावर असेल, तर चिलरचे युनिट वरच्या दराने मोजले जातात.

बचतीचा सोपा मार्ग म्हणजे तापमान विनाकारण खाली न ठेवणे. खोली ३६ अंशांवर असताना पाणी २६ ऐवजी २४ अंशांवर ठेवायचे म्हटले, तर तापमानातील अंतर १० वरून १२ अंशांवर जाते आणि चिलरचे काम सुमारे एक-पंचमांशाने वाढते. माशांना मानवणाऱ्या मर्यादेतील वरचे टोक निवडावे.

विश्वासार्हता कशी पारखावी?

टाकीला लागणारा चिलर हा वर्षातील मोजकेच महिने, पण अत्यंत कठीण काळात चालतो. तो मे महिन्यात बंद पडला तर दुरुस्तीला आठवडाही लागू शकतो आणि मासे तेवढी वाट पाहत नाहीत. म्हणून नाममुद्रेपेक्षा दुरुस्तीची सोय अधिक महत्त्वाची. हमी कोण देतो, आयातदार की केवळ दुकानदार. कॉम्प्रेसर, पंखा आणि तापनियंत्रक यांचे सुटे भाग शहरात मिळतात का. वायू भरण्याचे काम स्थानिक फ्रिज-मेकॅनिक करू शकेल का, या प्रश्नांची उत्तरे आधी मिळवावीत. आर-१३४ए हा वायू सर्वत्र उपलब्ध आहे. जुन्या यंत्रांतील आर-२२ चा वापर मात्र ओझोन थराच्या रक्षणासाठी टप्प्याटप्प्याने बंद केला जात असून भारतात त्यासाठी २०३० ची मुदत आहे.

समुद्री टाकीसाठी पाण्याच्या संपर्कात येणारी नळी टायटॅनियमचीच असावी. परदेशातून नातेवाइकांकरवी यंत्र आणवताना ते २२०-२४० व्होल्ट व ५० हर्ट्झचे आहे ना, याची खात्री करावी. अमेरिकेतील ११० व्होल्ट व ६० हर्ट्झचे यंत्र येथे थेट चालत नाही. जुना चिलर घेताना तो विक्रेत्याच्या घरी किमान एक तास पाण्यावर चालवून, तापमान प्रत्यक्ष किती उतरले ते मोजूनच व्यवहार करावा.

जुगाडाचे धोके

जुन्या फ्रिजचा किंवा वॉटर कूलरचा कॉम्प्रेसर वापरून स्वस्तात चिलर बनवून देणारे कारागीर अनेक शहरांत आहेत. त्यातील मुख्य धोका तांब्याच्या नळीचा आहे. तांबे पाण्यात अल्प प्रमाणात उतरले तरी कोळंबी, गोगलगाय व समुद्री अपृष्ठवंशीय जीव दगावतात. फ्रिजमध्ये प्लॅस्टिकच्या नळीचे वेटोळे ठेवून त्यातून टाकीचे पाणी फिरवण्याचाही प्रयोग केला जातो. प्लॅस्टिकमधून उष्णता सावकाश जाते आणि आतील थंड हवाही ती हळूच घेते. परिणामी फ्रिज सतत चालत राहतो, त्यातील अन्न गरम होते आणि टाकीला फारसा फरक पडत नाही. पाणी आणि वीज एकत्र येत असल्याने चांगले अर्थिंग व ३० मिलिअँपिअरचा गळती-रोधक स्विच नसलेले कोणतेही यंत्र टाकीला जोडू नये.

बसवताना आणि वीज गेल्यावर

चिलर पाण्यातून काढलेली उष्णता नाहीशी करत नाही. ती खोलीत सोडतो. ३०० वॅट उष्णता काढणारे आणि २०० वॅट वीज घेणारे यंत्र चालू असेपर्यंत खोलीत ५०० वॅट उष्णता टाकते. टाकीखालच्या बंद कपाटात ते ठेवले तर आपलीच गरम हवा पुन्हा आत ओढते आणि लवकर बिघडते. त्याच्या चारही बाजूंना किमान एक फूट मोकळी जागा आणि मागे खिडकी असावी. पाणी फिल्टरमधून गाळून मगच चिलरमध्ये सोडावे आणि पंपाचा प्रवाह पत्रकात सांगितलेल्या मर्यादेत ठेवावा. जाळीवरील धूळ उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी झटकावी. प्रथम वापरताना तापमान तासाला एक अंशाहून वेगाने उतरवू नये.

भारनियमन असलेल्या भागांत आणखी एक तयारी लागते. कॉम्प्रेसर सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट वीज ओढतो, त्यामुळे घरातील साध्या इन्व्हर्टरवर तो चालेलच असे नाही. वीज येता-जाता यंत्र लगेच सुरू होऊ नये म्हणून तीन मिनिटांचा विलंब देणारा स्टॅबिलायझर जोडावा. वीज गेल्यावर मात्र पहिली गरज गारव्याची नसते, ती हवेची असते. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप चिलरच्या किमतीच्या अगदी अल्प अंशात मिळतो आणि तीन-चार तासांच्या खंडात माशांचे प्राण तोच वाचवतो. चिलर घेणाऱ्याने आणि न घेणाऱ्यानेही तो घरी ठेवलाच पाहिजे.

खरेदीपूर्वी तपासावयाच्या बाबी

- आपल्या माशांना खरोखर किती तापमान लागते?
- दिवे, झाकण, जागा व पंखा यांत बदल करून पाणी किती अंश उतरले?
- टाकीत तासाला किती वॅट उष्णता शिरते आणि यंत्राची शीतन क्षमता तिच्या दुप्पट आहे का?
- ही क्षमता किती अंशांच्या खोलीत मोजलेली आहे?
- यंत्र किती वीज घेते आणि त्याने घरचे बिल वरच्या टप्प्यात जाते का?
- नळी कोणत्या धातूची, वायू कोणता, हमी कोणाची आणि दुरुस्ती कोठे?

यांपैकी पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे प्रामाणिकपणे शोधली तर अनेकांना चिलरची गरजच उरणार नाही. ज्यांना ती उरेल, त्यांनी खरेदी मे महिन्यातील धावपळीत न करता थंडीतच करावी. त्यामुळे यंत्र पारखायला, बदलून घ्यायला आणि नीट बसवायला वेळ मिळतो. मोजणीसाठी मात्र आधीचा उन्हाळा हाताशी असावा लागतो. म्हणून या उन्हाळ्यातील तापमानाच्या नोंदी वहीत उतरवून ठेवणे ही पुढच्या वर्षीच्या खरेदीची पहिली पायरी आहे.